दमा आहे म्हणून खो-खो बंद?

*नमस्कार डॉक्टर,*

*माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत शिकते. लहानपणापासून थंडीत तिला खोकला आणि छातीत घरघर असायची. आमचे डॉक्टर 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' म्हणायचे. गेल्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी 'हा बालदमाच आहे' असं स्पष्ट सांगून दोन पंप लिहून दिले. रोजचा पंप आम्ही दोन महिने दिला. बरं वाटलं, शिवाय त्यात स्टेरॉइड असतं असं कळलं, म्हणून बंद केला. आता निळा पंप लागेल तसा देतो, आठवड्यातून तीन-चारदा तरी लागतो.*

*यंदा शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली. पळताना ती बरी असते, पण खेळून येऊन बसली की पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टी वाजते आणि अर्धा-पाऊण तास त्यातच जातो. दोनदा असं झाल्यावर सरांनी 'मला जबाबदारी नको' म्हणून तिला संघाबाहेर बसवलं. सासूबाई म्हणतात, दम्याच्या पोरीला पळवायचंच कशाला. मिस्टरांचं म्हणणं, पंप नको, प्राणायामाने दमा मुळापासून जातो. ते तिच्याकडून रोज सकाळी कपालभाती करून घेतात, तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्रही आणलंय. लेक दोन दिवस धड जेवली नाही. तिला खेळू द्यावं का? आणि श्वासाचे कोणते व्यायाम करून घ्यावेत?*

*— एक आई, कराड तालुका*

ताई,

खेळू द्या. मात्र येत्या सोमवारपासून नव्हे, साधारण महिन्याभराने. मधल्या महिन्यात काय करायचं, ते सांगण्यासाठीच हे उत्तर लांबलंय.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. पळताना ती बरी असते आणि बसल्यावर पाच-दहा मिनिटांनी त्रास सुरू होतो, हे तुम्ही नीट पाहिलंत. खेळाने उठणारा दमा बहुतेक वेळा असाच वागतो. जोरात पळताना मूल तोंडाने श्वास घेतं. एरवी नाक हवा गाळतं, ओलसर करतं, कोमट करतं. तोंडाने गेलेली हवा मात्र कोरडी आणि गारच आत पोचते. श्वासनलिकांचं आतलं अस्तर सुकतं. दमा असलेल्या मुलांच्या नलिकांना आधीच सूज असते, त्या चिडतात, त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. खेळ थांबल्यावर हे शिगेला पोचतं आणि अर्ध्या-एक तासात हळूहळू उतरतं.

सराव नसलेल्या मुलाला धाप लागते तिचा प्रकार वेगळा. ती पळतानाच लागते आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत शांत होते, खोकला नाही, शिट्टी नाही. आणखी एक प्रकार असतो, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींमध्ये. त्यात ऐन जोरात असताना घशाशी आवळल्यासारखं होतं आणि श्वास *आत घेताना* आवाज येतो. तो घशाचा प्रश्न, पंपाने सुटत नाही. तुमच्या लेकीचं वर्णन या दोन्हींशी जुळत नाही, तरी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे मुद्दाम सांगा. शक्य झालं तर उबळ आलेली असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल बरं झालेलं असतं आणि डॉक्टरांना छाती स्वच्छ ऐकू येते, ही नेहमीची अडचण.

आता जरा कडू वाटेल असं. तिला खेळामुळे त्रास होत नाहीये, दमा आटोक्यात नाही म्हणून होतोय. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागणं, रात्री खोकल्याने उठणं, खेळणं-पळणं अडणं, यातलं काहीही असेल तर दमा काबूत नाही असंच आम्ही समजतो. तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी उघड आहेत. रात्रीचं तुम्ही लिहिलं नाही, तेवढं बघा. खेळ बंद केला तर उबळ दिसायची थांबेल, नलिकांची सूज तशीच राहील. मग ती जिना चढताना, स्नेहसंमेलनात नाचताना किंवा नुसतं हसताना डोकं वर काढेल. शिवाय जी मुलं पळायचं सोडतात, त्यांचं वजन वाढतं, दमसास कमी होतो, आणि मग थोड्याशा श्रमानेही धाप लागते. ही धाप दम्याची की सवय मोडल्याची, हे पुढे आम्हालाही ओळखणं जड जातं.

निळा पंप बहुधा सालब्युटामॉल किंवा लिव्होसालब्युटामॉल असतो. (रंगावर विसंबू नका, डब्यावरचं नाव वाचा.) तो आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करतो आणि चारेक तासांनी त्याचा असर संपतो. सुजेला तो हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप, तुम्ही बंद केलेला. दोन महिन्यांत बरं वाटलं ते त्याच्यामुळेच. औषधाने बरं वाटलं म्हणून औषध बंद करणारे पालक माझ्यासमोर रोज बसलेले असतात, त्यामुळे तुम्हाला वेगळं काही ऐकवत नाही. साधारणपणे दमा सलग तीन महिने नीट आटोक्यात राहिला, तर डॉक्टर स्वतःच डोस उतरवायला घेतात. तोवर धीर धरायचा.

स्टेरॉइडची भीती मात्र नुसती 'घाबरू नका' म्हणून जाणार नाही, आकडे बघू. तिच्या वयाला रोजच्या पंपाचा कमी डोस, म्हणजे बुडेसोनाइड असेल तर, दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. २०० च्या हिशेबाने वर्षभराचं औषध झालं ७३ मिलिग्रॅम, आणि तेही श्वासावाटे थेट छातीत द्यायचं. आता दमा उसळला, अटॅक आला, दवाखान्यात न्यावं लागलं, तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा सिरप देतात. तीस किलोच्या मुलाला दिवसाला ३० मिलिग्रॅम, पाच दिवस. झाले १५० मिलिग्रॅम, पोटातून रक्तात, अंगभर. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे ही थेट वजाबाकी नव्हे. पण पंपाचं स्टेरॉइड टाळून वर्षातून दोन-तीनदा गोळ्यांचं स्टेरॉइड घ्यायची पाळी येत असेल, तर टाळलं काय आणि घेतलं काय?

उंचीबद्दल विचाराल. परिणाम होतो, लपवत नाही. पहिल्या वर्षी वाढ किंचित मंदावते. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची बाकीच्यांपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. दर वेळी उंची मोजून कार्डावर लिहायला सांगा. सतत काबूबाहेर असलेला दमासुद्धा वाढ खुंटवतो, हेही त्या तराजूत टाकायला हवं. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत. आणि पंपाची 'सवय' लागत नाही. चष्म्याचा नंबर चष्म्यामुळे लागतो असं आपण म्हणत नाही ना?

पुढचं काम आज संध्याकाळीच करा. लेकीला समोर बसवा, पंप तिच्या हातात द्या आणि 'तू घेतेस तसा घे' म्हणून नुसतं बघा. बऱ्याच घरांत दिसतं ते असं: पंप हलवत नाहीत, तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा धूर बाहेर येतो, एका श्वासात दोन-तीन फवारे मारले जातात. म्हणजे औषध जिभेवर आणि घशावर बसलं, छातीत नाही. या वयाला स्पेसर हवाच. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची नळकांडी, मेडिकलमध्ये काहीशे रुपयांत मिळते. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, एक फवारा, मग पाच-सहा शांत श्वास स्पेसरमधूनच. दुसरा फवारा हवा असेल तर पंप पुन्हा हलवून पुन्हा पहिल्यापासून. आठवड्यातून एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. ही चूक व्यवस्थित, स्वच्छतेच्या आयाच जास्त करतात.

आता मिस्टरांचं प्राणायाम. त्यांना उडवून लावू नका, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते भलत्या ठिकाणी लावलंय. श्वासाच्या व्यायामांवर मोठ्या माणसांमध्ये बराच अभ्यास झालाय. रुग्णांना बरं वाटतं, घाबरणं कमी होतं, दैनंदिन जगणं सुधारतं. पण नलिकांची सूज त्याने जात नाही, आणि मुलांबाबत तर ठाम काही म्हणावं एवढा पुरावाच जमलेला नाही. म्हणून माझं मत असं: करा, रोज करा, पण पंपाच्या जोडीला.

कपालभाती मात्र थांबवा. भस्त्रिकाही नको. दोन्हींत श्वास जलद आणि झटक्याने फेकायचा असतो. दम्याच्या चिडक्या नलिकांतून हवा वेगाने आत-बाहेर करणं म्हणजे खेळताना जे होतं तेच बसल्या जागी करणं. त्यात पहाटेची थंड हवा असेल तर सकाळचा खोकला तिथूनही येत असू शकतो. कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणं, हेही मुलांकडून करून घेऊ नका. आणि ते तीन चेंडूंचं यंत्र फुंकायचं नसतंच, त्यात हवा आत ओढायची असते. छातीच्या किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर फुप्फुसाचा तळ उघडावा म्हणून ते देतात. दम्यात अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायची असते, तिथे त्या चेंडूंचा उपयोग नाही. फुगे फुगवणंही असंच: पालकांना कष्ट दिसतात म्हणून आवडतं, मुलाला चक्कर येते.

करायचं काय, तर पहिलं नाक. दम्याच्या पुष्कळ मुलांना नाकाची ॲलर्जीही असते: सकाळी सटासट शिंका, नाक चोळून चोळून नाकाच्या शेंड्यावर आडवी रेघ, रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं. नाकच चोंदलेलं असेल तर 'नाकाने श्वास घे' हे सांगून काय होणार? डॉक्टरांना नाक दाखवा, लागला तर नाकातला स्प्रे घ्या.

मग पोटाने श्वास. लेकीला उताणं झोपवा, गुडघे दुमडलेले, बेंबीवर एखादी पातळ वही. श्वास घेताना वही वर आली पाहिजे, खांदे आणि छाती जागच्या जागी. दम्याची मुलं खांदे उचलून वरवर श्वास घ्यायला शिकलेली असतात, त्यामुळे पहिले दोन-चार दिवस वही हलतच नाही. पोटावर जोर देऊन ती मुद्दाम फुगवेल, ते नको. नुसतं 'वही बघत राहा' म्हणायचं, जमतं. रोज पाच मिनिटं, झोपण्यापूर्वी. झोपून जमलं की बसून, मग चालताना.

त्याच्याबरोबर ओठांचा चंबू करून हळू सोडायचा श्वास. नाकाने दोन आकडे घ्यायचा, तोंडाने चार आकडे सोडायचा. जत्रेतलं कागदी भिरभिरं समोर धरा. ते मंद फिरत राहिलं पाहिजे, गरगरलं म्हणजे जोर जास्त झाला. नलिका अरुंद असताना जोराने फुंकलं की त्या आणखी मिटतात, सावकाश सोडलं की उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. खेळ संपल्यावर धाप लागलेली असेल तेव्हा हाच श्वास तिला कामाला येईल, म्हणून तो बरी असतानाच अंगवळणी पडायला हवा.

भ्रामरी आणि ओंकार खुशाल करा. सूर लावून श्वास सावकाश सोडणं हा तोच व्यायाम आहे आणि मुलांना गंमत वाटते. हे खातं मिस्टरांकडे द्या. बाप-लेक संध्याकाळी मिळून पाच-सात वेळा भ्रामरी करतील, त्यात त्यांचाही मान राहील. एकच अट: उबळ आलेली असताना व्यायाम नाही. तेव्हा आधी पंप. 'आधी प्राणायाम करून बघू, नाही थांबलं तर पंप देऊ' यात गेलेला वेळ फार महाग पडू शकतो.

वाफाऱ्याचंही ओघात सांगते. दम्याला त्याचा उपयोग नाही, आणि उकळतं पातेलं सांडून भाजलेली मुलं दवाखान्यांत येतात.

आता खेळाकडे. तुमच्या लेकीचं नशीब चांगलं, तिने खेळ नेमका निवडलाय. दमा सर्वांत जास्त उठवतात ते सलग सहा-आठ मिनिटं दमवणारे खेळ: लांब पल्ल्याची शर्यत, फुटबॉल. खो-खो तुकड्यातुकड्यांत पळायचा खेळ आहे. आक्रमणाला आठ जणी चौकोनात बसलेल्या, पळते ती एकटी नववी. खो मिळाला की उठायचं, काही सेकंद जीव खाऊन पळायचं, खो दिला की बसायचं. बसल्यावर श्वास नाकावर आणायला वेळ मिळतो. संरक्षणाला तिघींची तुकडी आत, बाकीच्या बाहेर. त्यात मात्र एखादी चपळ मुलगी दोन-तीन मिनिटं सलग टिकली तर तिचा कस लागतो. म्हणून सुरुवातीला सरांना एवढंच सुचवा, तिला पहिल्या तुकडीत उतरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या तुकडीत ठेवलं तर आत जाण्यापूर्वी अंग गरम करायला वेळ मिळतो.

अंग गरम करणं हा दम्याच्या मुलांसाठी उपचाराचाच भाग समजा. दहा-पंधरा मिनिटं द्यायची. आधी चालणं, मग हलकं पळणं, मग वीस-तीस सेकंदांच्या छोट्या धावा आणि प्रत्येकीनंतर मिनिटभर विसावा, अशा पाच-सहा. होतं असं की एकदा नलिका थोड्या चिडून शांत झाल्या की पुढचा तास-दोन तास त्या सहसा तितक्या जोराने आवळत नाहीत. सगळ्यांच्या बाबतीत हे घडत नाही, साधारण निम्म्यांना याचा फायदा होतो. तो फुकटचा आहे, मग का सोडा? खेळ संपल्यावर धपकन बसायचं नाही. पाच-दहा मिनिटं रमतगमत चालायचं, चंबूचा श्वास सुरू. पाणी घोट घोट.

डॉक्टरांना विचारून खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं निळ्या पंपाचे दोन फवारे स्पेसरने घ्यायची पद्धत आहे. सामन्याच्या दिवशी ती फार उपयोगी पडते. पण रोजच्या सरावालाही ती लागतच राहिली, तर रोजचा पंप पुरत नाहीये असं समजून पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. निळा पंप दररोज घेत राहिलं की खेळातल्या दम्याविरुद्धचा त्याचा जोरही ओसरतो.

महिन्याभरात काय, असं विचाराल तर: डॉक्टरांना दाखवून रोजचा पंप पुन्हा सुरू केल्यावर सूज उतरायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर तिला मैदानावर पाठवाच. घरी बसवलेलं मूल मनाने खचतं, तुमच्याकडे ते सुरू झालंय. पहिले दोन आठवडे चालणं, हलकं पळणं, बसता-उठता खो द्यायचा सराव. नंतर छोट्या धावा. डॉक्टर पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजायचं छोटं साधन) देतील तर उत्तम, या वयाला ते जमतं. बरी असतानाचा तिचा स्वतःचा सर्वांत चांगला आकडा लिहून ठेवायचा. एखाद्या दिवशी फुंकून तो ८० टक्क्यांच्या खाली आला, किंवा सर्दी-खोकला असेल, तर त्या दिवशी जोराचा सराव नाही. संघात बसायचं, गुण लिहायचे.

मैदान मातीचं असणार. सरावाआधी पाणी मारून घ्या, बाकीच्या मुलींच्याही डोळ्यांना बरं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाचा सराव असेल तर तो संध्याकाळी घेता येतो का विचारा. नसेलच जमत तर अंग गरम करेपर्यंत नाकातोंडावर सुती रुमाल. तुमच्या भागात कारखान्यांचा हंगाम लागला की अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते, शेजारच्या रानात पाचट पेटवतात. आभाळ धुरकट दिसतंय अशा दिवशी उघड्यावर पळायचं नाही, मग सामना असो की नसो. मैदानाकडेला गाजरगवत माजलं असेल तर ते फुलायच्या आत काढून घ्यायला सांगा, मात्र त्या श्रमदानात तुमची लेक नको. वर्ग झाडायच्या पाळीतूनही तिला सोडवा, त्याऐवजी फळा लिहायचं काम घेईल. घरात मच्छर अगरबत्ती, धूप, चुलीचा धूर, आणि कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती. या सगळ्याचा तिच्या छातीला खेळापेक्षा जास्त त्रास होतो. पत्रात यातलं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारते.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी दम्याचं जे रूप पाहिलंय ते पंप नसलेल्या काळातलं: रात्रभर खाटेवर उठून बसलेलं माणूस, कोजागरीला खिरीतून औषध घ्यायला लांब कुठेतरी जाणारी माणसं. भीती खरी आहे त्यांची. त्यांना औषधाच्या वेळेची राखण सोपवा, सकाळ-संध्याकाळ पंप झाला का हे विचारायचं काम त्यांचं. फक्त लेबल नसलेली कुणाचीही पुडी घरात येऊ देऊ नका. 'शुद्ध देशी' म्हणून विकलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि तिथे मायक्रोग्रॅमचा हिशेब कुणी ठेवत नाही. मोठ्या खेळाडूंची नावं सांगून मुलांवर ओझं टाकायला मला आवडत नाही, पण आजीला सांगायला एक नाव ठेवा. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयातच दमा असल्याचं कळलं. पुढे तिने २००३ साली लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला, आणि तो २०१९ पर्यंत टिकला. पंप घेऊन.

राहिले सर. 'जबाबदारी नको' म्हणणाऱ्या सरांचा मला राग येत नाही. मैदानावर मूल धापा टाकतंय आणि काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही, अशा वेळी कुणीही हेच म्हणेल. तेव्हा त्यांना विनंतीचा अर्ज नको, सूचनांचा कागद द्या. पंप आणि स्पेसर लेकीच्या दप्तरात किंवा मैदानावर सरांच्या पिशवीत असू दे. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवलेला पंप असून नसल्यासारखा. स्पेसर घरी विसरला तर पाण्याची ५०० मिलीची रिकामी, कोरडी प्लास्टिकची बाटली घ्या. तळाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं, पंप तिथे लावायचा, श्वास बाटलीच्या तोंडाने घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांनी हे मुलांवर वापरून पाहिलंय, विकतच्या स्पेसरइतकंच चालतं.

कागदाचा मजकूर मी लिहून देते. डॉक्टरांना दाखवून, आकडे त्यांच्याकडून तपासून, सही-शिक्का घेऊन सरांना द्या. एक प्रत वर्गशिक्षिकांना.

*'या विद्यार्थिनीला दमा आहे. ती सर्व खेळ खेळू शकते. सरावाआधी तिला १०-१५ मिनिटं अंग गरम करू द्यावं.*

*खेळताना किंवा नंतर खोकला, शिट्टी, धाप लागली तर खेळ थांबवून तिला ताठ बसवावं, आडवं करू नये. एकटं सोडू नये. निळा पंप स्पेसरमधून: एक फवारा, चार ते सहा श्वास, असे चार फवारे, एकामागून एक. चार मिनिटं थांबावं. फरक नसेल तर पुन्हा चार फवारे. पूर्ण बरं वाटल्यावर त्या दिवशी हलक्या हालचालीच कराव्या आणि पालकांना कळवावं.*

*पुढीलपैकी काही दिसलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा व गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहावं: आठ फवाऱ्यांनंतरही आराम नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, ओठ निळसर, मूल सुस्त पडतं, किंवा धाप आहे पण शिट्टीचा आवाज अचानक बंद झाला आहे.*

*आईचा फोन, वडिलांचा फोन, डॉक्टरांचा फोन.'*

शेवटच्या लक्षणाखाली पेनाने रेघ मारा. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असा सगळ्यांचा समज होतो, आणि तिथेच घात होतो. हवा आत-बाहेर जाईनाशी झाली की शिट्टीही वाजत नाही. सरांना हे तोंडी समजावून सांगा, आणि लेकीकडून त्यांच्यासमोर एकदा स्पेसर लावून दाखवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

महिन्याभराने कसं चाललंय ते कळवा. तेव्हा रात्रीच्या खोकल्याचंही लिहा. दर वर्षीची फ्लूची लस घेतली नसेल तर याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.